दहा मिनिटं पुढे

घड्याळावर काडीचा विश्वास नसलेला आणि तरीही घड्याळाचा एवढा धाक बाळगणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. देवळाली प्रवरात त्यांचं किराणा दुकान आहे. तरुणपणी राहुरीची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली आणि नोकरीची मुलाखत हुकली. तेव्हापासून दुकानातलं, घरातलं, मनगटावरचं प्रत्येक घड्याळ ते दहा मिनिटं पुढे ठेवायचे. आमच्याकडे मुक्कामाला आले की आमचंही करून जायचे. "राहू द्या, दाजींच्या जिवाला तेवढंच बरं वाटतं," असं आमची बायको म्हणायची. गंमत अशी, की घड्याळ पुढे आहे हे पक्कं ठाऊक असल्यामुळे ते मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचे आणि सगळीकडे उशिराच पोचायचे.

यंत्रांवर मात्र त्यांची भाबडी श्रद्धा. बिलाचं मशीन आलं तेव्हा त्याला रोज फूल वाहिलं जाई. गेल्या वर्षी त्यांनी कॅमेरे बसवले आणि या मशीनला जोडून घेतले. एखादं बिल रद्द झालं, की त्या वेळचं चित्र आपोआप पडद्यावर येणार. नगरजवळच्या नागापूरहून आलेल्या कारागिराने निघताना बजावलं, "काका, दोन्हीकडचा टाइम एकच ठेवा." त्याची गाडी वळते न वळते तोच साडूंनी सवयीने बिलाच्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे सारलं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "पाव्हणं, आताच या. आमची मंदा चोर निघाली."

मंदाताई बारा वर्षं त्यांच्याकडे बिलं करत होत्या. मी गेलो, तर साडूंनी पडदाच दाखवला. तुपाच्या डब्याचं रद्द बिल, वेळ आदल्या संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. आणि चित्रात मंदाताई फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल पिशवीत ठेवताहेत. मलाही क्षणभर खरं वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते. साडूंनी त्यांना सकाळी भर गिऱ्हाइकात जाब विचारला होता. "म्या न्हाई घेतला, अण्णा," एवढंच बोलून त्या घरी निघून गेल्या होत्या. फळीवरचे डबे मोजावेत, हे साडूंना सुचलंच नव्हतं. मशीन सांगतंय म्हटल्यावर फळीला कोण विचारतो!

निघताना मी सहज मोबाइल पाहिला. दीड वाजला होता. बिलाच्या मशीनवर एक चाळीस.

"हे घड्याळ पुढं आहे का हो?"

"हाय की. माझंच..." साडू बोलता बोलता थांबले.

आम्ही चित्र दहा मिनिटं मागे नेलं. एक बाई तुपाचा डबा परत करते, मंदाताई बिल रद्द करतात आणि एक टोपीवाला गृहस्थ स्टुलावर चढून तो डबा फळीवर ठेवतो. टोपी साडूंची होती. त्यानंतर दहा मिनिटांनी मंदाताईंनी पिशवीत टाकला तो त्यांचा जेवणाचा रिकामा डबा.

साडू तसेच अनवाणी मंदाताईंच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले. मग भरल्या दुकानात कॅमेऱ्याखाली उभं राहून त्यांनी टोपी काढली. "चूक माझी हुती, मंदा. लोकांम्होरं बोललो, लोकांम्होरंच माफी मागतो. कॅमेऱ्यातबी ऱ्हाऊ दे." मंदाताईंनी पदराने डोळे टिपले आणि पुढचं बिल करायला घेतलं.

आता साडूंची सगळी घड्याळं बरोबर वेळ दाखवतात. तरी पोचतात उशिराच. मंदाताईही रोज कामावर येतात. फक्त पूर्वी काउंटरखाली असायची ती पिशवी आता त्या बरोबर कॅमेऱ्यासमोर, स्टुलावर उघडी ठेवतात. "आत ठेव गं," असं साडू कितीदा म्हणाले. "आसू द्या, अण्णा. हितं बरी हाय."

परवा गेलो, तर साडू पडद्याकडे पाठ करून बसले होते.

"डबा आन् शाल आसती तिच्या पिशवीत," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसरं काय न्हाई. रोज दिसतं."