भरल्या पोटी

बोटीचे पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाला पाण्याची भीती वाटावी, यावर कोणाचा विश्वास बसणार? पंखेकाकांना मात्र वाटायची, आणि तीस वर्षं त्यांनी ती बेमालूम झाकली होती. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराला लागूनच त्यांचं वर्कशॉप. वाकडी पाती ठोकून सरळ करायची, घासायची, तोल बघायचा, की झालं. "एकदा पाण्यावर येऊन बघा ना," असं कोणी म्हटलं की काका हात पुसत म्हणायचे, "काम पडलंय हो." लेक लहान असताना तिलाही हेच उत्तर. पुढे तिनं विचारणंच सोडलं, आणि मोठी झाल्यावर नेमकं पाण्यातलंच काम धरलं.

लेक वेकबोर्डिंग शिकवते. म्हणजे पायाला फळी बांधायची, बोटीची दोरी धरायची आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायच्या. लाट मोठी हवी म्हणून बोटीत मुद्दाम वजन भरतात. मोठमोठ्या पिशव्या, आणि त्यांत तळ्याचंच पाणी. क्लबाच्या नव्या बोटीत हे वजन भरलं की ती नाक वर करून नुसती कण्हायची, वेग काही घ्यायची नाही. सेक्रेटरींनी सांगून टाकलं, रविवारपर्यंत बोट नीट चालली तर ठीक, नाहीतर तुमचा वर्ग बंद. लेक चारचौघांत म्हणाली, "माझे बाबा बघतील." वेगळं राहायला गेल्यापासून तिनं बाबांकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिनं पंखा पाठवला आणि फोनवर आकडे दिले. "इंजिनाचे फेरे पाच हजार हवेत. रिकाम्या पोटी पाच हजार येतात, भरल्या पोटी काटा साडेचारच्या पुढे हलत नाही."

काकांनी इमानदारीत लिहून घेतलं. बोट चालवणारा गडी त्यांच्या ओळखीचा होता. जेवला की सुस्तावणारा, टेकला की घोरणारा. काकांनी भरल्या पोटीचा आकडा सरळ खोडला. रिकाम्या पोटी पाच हजार येतायत म्हणजे पंखा बरोबर आहे. त्यांनी तो घासूनपुसून लख्ख केला आणि परत पाठवला.

शुक्रवारी सकाळी लेकीचा फोन. "बाबा, बोट तश्शीच आहे."

"त्याला जेवायच्या आधी चालवायला सांग."

"कोणाला?"

"बोटवाल्याला. भरल्या पोटी हात सैल पडतो त्याचा. तूच म्हणालीस की."

पलीकडे लेक जी हसत सुटली, ती थांबेचना. बोटीतल्या त्या पिशव्यांना क्लबात सगळे पोट म्हणायचे. हे कळायला बोटीत एकदा तरी बसायला हवं होतं. काकूंनी स्वयंपाकघरातून तेवढं बोलून घेतलंच.

काका ओशाळले, पण हात चालू झाले. एका फेरीत पंखा पाण्यात जितका पुढे घुसतो, त्याला पीच म्हणतात. पीच जास्त तर वेग जास्त, पण वजन असलं की इंजिनाला धाप लागते. सायकलवर मागे धट्टाकट्टा मेहुणा बसवून चढ चढायचा तर हलका गिअर लागणारच. वर्कशॉपच्या मांडणीवर चार पात्यांचे दोन पंखे होते. एकाचा पीच जुन्यापेक्षा दोन इंच कमी, दुसऱ्याचा तीन. तीनवाला वजन उचलेल, पण रिकाम्या बोटीत इंजिन वाजवीपेक्षा जोरात फिरून बिघडायचं. दोनवाला कदाचित कमी पडेल.

"पाण्यावर बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"मग या," लेक फोनवरच म्हणाली. आग्रह नाही, काही नाही. उत्तर तिला पाठ होतं.

काकांनी सवयीनं हात पुसले. "येतो," ते म्हणाले.

रविवारी बोट पाण्यात सोडण्याआधी काकांनी दोनवाला बसवला. लाइफ जॅकेट घालून ते बोटीत बसले आणि दोन्ही हातांनी सीट धरली. बोटवाला म्हणाला, "काका, तुमच्या वजनाइतकं पाणी काढतो. किती वजन?"

"सत्तर."

"ब्याऐंशी," काठावरून काकू म्हणाल्या.

"काही काढू नकोस," काका म्हणाले. "भरल्या पोटीच बघायचंय."

लेक फळी बांधून मागे पाण्यात बसली होती, दोरी धरून. काकांचं काम एकच, काट्यावर नजर ठेवणं. बोटवाल्यानं वेगाचा दांडा पुढे रेटला. नाक वर आलं, काकांनी देवाचं नाव घेतलं, आणि बोट अलगद सपाट होऊन पळायला लागली. मागे लाट उभी राहिली. लेक तिच्यावरून उडाली, हवेत गर्रकन फिरली आणि हसत खाली उतरली. काकांनी सीट कधी सोडली ते त्यांनाच कळलं नाही.

बोट धक्क्याजवळ आली. सेक्रेटरी तिथूनच म्हणाले, "वर्ग चालू ठेवा."

लेक बोटीला धरून वर आली, निथळत. "बाबा, काटा किती होता?"

काकांनी आता कुठे काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघायचा राहिला गं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग "परत एक फेरी," म्हणत तिनं फळीचे पट्टे पुन्हा आवळले आणि पाण्यात उतरली.