भौतिक फूल

फुलबाईंनी आयुष्यात एकच वस्तू बनवली, पण सात वेळा बनवली. विद्यापीठात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई त्या. वर्गात खरं फूल कापून दाखवावं, तर मागच्या बाकावरच्यांना बाईंची बोटं तेवढी दिसायची. म्हणून विद्यापीठाच्या वर्कशॉपमधल्या सुताराच्या मागे लागून त्या लेथ चालवायला शिकल्या आणि चांगलं कलिंगडाएवढं लाकडी फूल केलं. पाकळ्या सुट्या होणार, पुंकेसर उपसून निघणार, आणि मधल्या बीजांडकोशाला डावीकडे अर्धा वळसा दिला की तो टक्कन उघडून आत मोहरीच्या दाण्यांची बीजांडं दिसणार. पहिली सहा फुलं पोरांनी मोडली. एकाचा देठ तर कुणीतरी दाराला अडकण म्हणून लावला. सातवं टिकलं. टिकलं म्हणजे काय, पोरांनी ते पाडून पाहिलं आणि हार मानली.

आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि बाईंची इच्छा एवढीशीच होती: आपण गेल्यावर या फुलावर आपलं नाव राहावं. याला हव्यास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. लोक बाकांवर नावं कोरतात, त्यांनी कुठे बाक बनवलेला असतो!

नेमकं तेव्हाच कुलगुरूंच्या डोक्यात दुकान शिरलं. प्राध्यापकांच्या कपाटांत इतका माल पडून आहे, तो विकायचा कधी, असं त्यांनी भर सभेत विचारलं. झालं. विक्री कक्ष निघाला, वेबसाइट निघाली, कक्षाला एक साहेब मिळाले आणि साहेबांनी फॉर्म काढला. त्यात प्रश्न होता: उत्पादन डिजिटल की भौतिक? व्याख्यानांचे व्हिडिओ, नोट्स, असलं सगळं डिजिटल. पायावर पडलं तर लागतं ते भौतिक. बाईंनी फुलापुढे ‘भौतिक’ लिहिलं आणि ‘फूल कसे उघडावे’ या चार पानी पत्रकापुढे ‘डिजिटल’, कारण पत्रक संगणकावर होतं. ते तपासलं होतं बाईंच्या नवऱ्याने. हा गृहस्थ जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आला. एखादा ऱ्हस्व-दीर्घ निसटला तर त्याला जेवण गोड लागत नसे.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. वर्कशॉपने बाईंच्या फुलावरून हुबेहूब फुलं काढली होती, अगदी सुबक. पेटीवर छापलं होतं: ‘निर्मिती – भौतिकशास्त्र विभाग’.

बाई तडक विक्री कक्षात गेल्या. तिथल्या कारकुनाने शांतपणे समजावलं, की भौतिक मालाचे सगळे अर्ज भौतिकवाल्यांच्या फायलीला लावायचे, असंच त्याने पहिल्या दिवसापासून ठेवलंय.

“अहो, पण हे फूल आहे,” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच भौतिक लिहिलंय.”

“लाकडाचं आहे म्हणून लिहिलं.”

“मग भौतिकच झालं ना? नको असेल तर डिजिटलमध्ये टाकतो, पण मग लाकूड चालणार नाही.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं कुणाशी? माणूस सज्जन, त्यांना बघताच खुर्ची द्यायला उठलेला. त्याने दुरुस्तीचा अर्ज घेतला, पोच दिली आणि अर्ज नियमाप्रमाणे अभिप्रायासाठी पाठवून दिला. कुठे? भौतिकशास्त्र विभागाकडे.

तिथले विभागप्रमुख आधी बिचारे ओशाळले. बाईंना जिन्यात गाठून, गोंधळ झालाय खरा, मी बघतो, असं म्हणाले. पण महिन्याभरात फूल दुकानात सर्वांत जास्त खपलं, सभेत त्यांचा टाळ्यांच्या गजरात सत्कार झाला, आणि तेव्हापासून ते जिना सोडून लिफ्टने जाऊ लागले. अभिप्राय काही आला नाही.

मग तक्रारी आल्या. लोक बीजांडकोश उजवीकडे पिळत होते, तो उघडत नव्हता, तुटत होता. कसा उघडायचा ते पत्रकात होतं. पत्रक डिजिटल, म्हणून वेगळं विकायला ठेवलेलं. आणि ते वेगळं घेतो कोण! साहेबांनी प्रकरणाचा छडा लावला. उघडण्याची जबाबदारी कुणाची? पत्रक लिहिणाऱ्याची. तिथे बाईंचं नाव ठळक होतं, त्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. फुलाच्या बाबतीत विद्यापीठाने बाईंचं नाव लिहिलं ते एवढंच एकदा.

निरोपाच्या दिवशी कुलगुरूंनी बाईंना भेट दिली. दुकानातलीच पेटी, तेच फूल. बघू या उघडून, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी पाकळ्या काढल्या, पुंकेसर उपसले, डावीकडे अर्धा वळसा दिला. टक्क.

कुलगुरू खूश होऊन माइकवर म्हणाले, “बघा, आपलं भौतिक उत्पादन वनस्पतिशास्त्राच्या बाईंनासुद्धा किती सहज जमलं!”

सगळ्यांत आधी टाळ्या भौतिकशास्त्राच्या प्रमुखांनी वाजवल्या, नजर बुटांवर ठेवून. बाईंना भरून आलं. लोकांना वाटलं निरोपाचं दुःख आहे. होता तो संताप, आणि खूप जुना थकवा. आभार मानून त्या खाली बसल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय दिलं गं?”

“माझंच.”

त्याने पेटी हातात घेऊन वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खणातून लाल पेन काढलं, ‘भौतिकशास्त्र विभाग’ या अक्षरांवर सरळ आडवी रेघ मारली आणि कडेला खूण केली.

“पूर्ण नाव घालू?”

“नको. फुलबाई घाला. पोरं तेच म्हणतात.”

त्याने वळणदार अक्षरात ते घातलं. मग जन्मभराच्या सवयीने खाली सही केली आणि लिहिलं: ‘दुरुस्ती करून छापावे.’