डावा खांदा

माझ्या वडिलांचा उजवा कान मोडलेला होता. सुक्या अंजिरासारखा चपटा आणि सुरकुतलेला. तालमीत घुमणाऱ्या माणसाचे कान असे होतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण वडिलांच्या बाबतीत ते कुणी मान्य करत नसे, कारण आम्ही कापडवाले. राजस्थानातून येऊन चार पिढ्या राजुरीच्या बाजारात ठाणं उलगडत बसलेलं जैनाचं घर. त्या घरातला शेठ कधीकाळी लंगोट लावून मातीत उतरला होता, हे लोकांच्या गळी उतरत नसे. "शेठ, कान दाराच्या फटीत घावला व्हता का?" असं गिऱ्हाइकं विचारत. आतून आई म्हणे, "एका कुशीवर झोपायची सवय, दुसरं काय!" वडील गज उचलून मुकाट्याने कापड मोजू लागत.

चैत्रात गावदेवाची यात्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. शेवटची कुस्ती लावायचा मान दर वर्षी लंगोट सोडलेल्या एका जुन्या पहिलवानाला मिळे. त्याच्या डोक्यावर मानाचा केशरी फेटा चढे, मग तो दोघा गड्यांचे हात एकमेकांत देई. फेटा एकदा मिळाला की मिळाला. पुढे मरेपर्यंत तो माणूस पारावर पंचांच्या रांगेत बसे, तंबाखू दुसऱ्याच्या चंचीतली खाई आणि पुढच्या वर्षी फेटा कुणाला द्यायचा यावर तावातावाने भांडे. निवड हेच फेटेवाले म्हातारे करत. त्या फेट्याचं कापड आमच्याच दुकानातून जाई. वडील ते स्वतः मोजत, स्वतः फाडत, आणि फाडताना त्यांचा चेहरा कसा होई ते मी लहानपणापासून पाहिलं आहे.

या निवडीला एक अट होती. ज्याचं नाव पुढे येई त्याने स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याने पूर्वी पाडलेल्या एखाद्या गड्याने फडात उभं राहून, सगळ्यांदेखत, "ह्यांनी मला चीत केलं, माझी पाठ लागली" असं सांगायचं आणि आपल्या हाताने त्याला फेटा बांधायचा. पाडलेला माणूस आला नाही, तर मान नाही.

अट ऐकायला चोख आहे. पण आपण हरलो होतो हे तीस वर्षांनी सांगायला कोण येतो? फाल्गुन लागला की गावातले जुने पहिलवान गुळाच्या ढेपा घेऊन आपापल्या पाडलेल्यांची दारं झिजवताना दिसत. ज्यांना तरुणपणी मातीत लोळवलं, त्यांच्या आता मिनतवाऱ्या चालत. त्यातल्या त्यात वरच्या आळीच्या पहिलवानाने सोय करून ठेवली होती. त्याचा मेहुणा. हा सडपातळ गृहस्थ आयुष्यात कधी तालमीत गेला नव्हता, पण आजवर तीन फेटेवाल्यांनी आपल्याला पाडल्याचं त्याने शपथेवर सांगितलं होतं. प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत खरं पाणी येई. मला खोटेपणाची चीड आहे, पण त्या माणसाचं कसब मी नाकारणार नाही.

मी सांगते आहे त्या वर्षी माझं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि मी यात्रेसाठी माहेरी आले होते. प्लेगाची साथ ओसरून थोडाच काळ लोटला होता. पारावर दोन नावं निघाली. एक वरच्या आळीच्या पहिलवानाचं, दुसरं माझ्या वडिलांचं. वडिलांचं नाव एका पंचाने निम्म्या थट्टेत घेतलं होतं, "शेठ दर साली कापड देत्यात, एकदा त्यांच्या बी डोक्याला लागू द्या." बाकीचे हसले. वडील हसले नाहीत. घरी आले, कपाटातून केशरी कापड काढलं आणि वेगळं बांधून ठेवलं.

"घाटघरला जायचंय," ते म्हणाले.

आई जोंधळे निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "शेवटची कुस्ती दिवस बुडताना लागते. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला उपास." आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. आईच्या दृष्टीने मानाच्या फेट्यात तेवढाच मुद्दा होता.

वडिलांनी आयुष्यात कुस्त्या बऱ्याच केल्या, पण नाव घ्यावी अशी एकच. तीस वर्षांपूर्वी निरगुडसरच्या यात्रेत त्यांनी डोंगरातल्या घाटघरच्या एका नावाजलेल्या गड्याला चीत केलं होतं. बाकी ज्यांना पाडलं ते बहुतेक प्लेगात गेले. राहिला तो एक. वडिलांना मोडक्या कानाने नीट ऐकू येत नसे आणि एवढ्या लांब जाऊन कबुलीच ऐकू आली नाही तर काय, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. आईने दशम्या बांधून दिल्या. एरवी ती चार गोष्टी सुनावल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू देत नसे. त्या दिवशी काही बोलली नाही, याचं मला नवल वाटलं.

जुन्नरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही घाटघरला पोचलो. तो गडी अंगणात टोपली विणत बसला होता. पिकल्या मिशा, पण खांदे अजून दाराएवढे. वडिलांनी नाव-गाव सांगताच तो ताडकन उठला आणि त्याने वडिलांना मिठीच मारली.

"आरं, शेठ! निरगुडसरचं शेठ!" त्याने घरात हाक दिली, "आगं ए, भाईर ये! मी पाडल्यालं पावणं आलं बघ!"

वडिलांना उजव्या कानाने ऐकू आलं नाही. मी डाव्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

मग जे कळलं ते असं. निरगुडसरला वडिलांनी ढाकेचा डाव मारून याला खाली आणलं. चीत व्हायला दोन्ही खांदे लागावे लागतात. उजवा खांदा मातीला टेकला. डावा टेकतो न टेकतो तोच हलगीवाल्याने हलगी वाजवली, धुरळा उडाला, फडात माणसं घुसली. राजुरीकरांनी वडिलांना खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळत पूर्वेला निघाले. घाटघरकरांनी याला खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळत पश्चिमेला. पंचांना कुणी विचारलंच नाही. एकाच कुस्तीत दोघेही जिंकले आणि तीस वर्षं दोघंही सुखात होते.

"माजा डावा खांदा लागलाच न्हाई," म्हातारा म्हणाला. "वरनं मीच तुमास्नी पलटी मारली, तवर लोकांनी उचललं."

"लागला होता!" वडील ओरडले. माझे वडील कुणावर ओरडलेले मी तोवर ऐकलं नव्हतं.

"न्हाई लागला."

"ये, दाखवतो."

आणि साठीच्या घरातली ती दोन माणसं भाताच्या पेंढ्यावर उतरली. वडिलांनी अंगरखा काढून माझ्याकडे दिला. मी म्हणाले, "बापूजी, तुमची कंबर!" त्यांनी ते ऐकलं नाही आणि या वेळी कानाचा दोष नव्हता. ढाक बसली. दोघे आडवे झाले. पण खांद्याचा निकाल लागायच्या आत वडिलांची कंबर धरली आणि म्हाताऱ्याचा गुडघा अडकला. मग दोघे एकमेकांच्या मिठीत तसेच पडून राहिले, कारण कुणालाच उठता येईना.

म्हाताऱ्याची बायको शेणाच्या हाताने उभी होती. ती मला म्हणाली, "बाई, तुमी तिकडनं वडा, मी हिकडनं वडते."

आम्ही दोघींनी त्यांना सोडवलं. तोवर उन्हं उतरली होती. वडिलांना दिवस असताना जेवायला हवं, हे मी सांगितल्यावर ती बाई लगबगीने नाचणीच्या भाकरी थापायला बसली. कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, बटाटा तर नाहीच, हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "मग ह्यो मानूस पैलवान झाला कशावर?" शेवटी दूध-भाकरीवर भागलं. जेवताना वडिलांनी एकदाही वर बघितलं नाही. म्हातारा मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"तीस वर्सांनी एवढ्या लांबून आलात," तो हळूच म्हणाला. "येतो मी. सांगतो, लागला म्हून. राजुरीला मला कोन वळखतंय? माजं काय जातंय?"

मी ते वडिलांच्या डाव्या कानात सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परतीच्या वाटेवर, कंबर धरलेली असताना, ते गाडीत बसून गुणगुणत होते. मला त्यांचा इतका राग आला होता आणि ते मला इतके आवडलेही होते, की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

फडाच्या दिवशी आम्ही बायका कडेला, गाड्यांवर बसून बघत होतो. आई आली नव्हती. ती कधीच येत नसे. तिसऱ्या प्रहरी पंचांनी पहिल्यांदा वडिलांचं नाव पुकारलं. लोक हसले. वडील केशरी कापड हातात घेऊन मध्ये जाऊन उभे राहिले. तेवढ्यात पश्चिमेच्या वाटेवर गलका झाला. म्हातारा आला होता. पण एकटा नव्हता. त्याच्या मागे मुलगे, सुना, जावई, नातवंडं, शेजारी, अख्खं घाटघर आलं होतं. आपल्या आज्याला राजुरीकरांनी मानाने बोलावलंय, ज्या शेठला आज्याने पाडलं तो आज स्वतः फेटा देणार, अशी बातमी नातवंडांनी डोंगरभर केली होती. एवढी दोन दिवसांची वाट तुडवून आलेली ती माणसं फडाच्या तोंडाशी ओळीने उभी राहिली, आणि सगळ्यांत धाकटी नात बापाच्या खांद्यावर बसून "आज्या! आज्या!" करत होती.

म्हातारा पंचांपुढे आला. "सांगा," पंच म्हणाले.

त्याने तोंड उघडलं. मागे बघितलं. पुन्हा तोंड उघडलं. शब्द काही फुटेना. मी गाडीवरून वडिलांकडे पाहिलं. ते त्या नातीकडे बघत होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, बापूजी, गप्प राहा, तो सांगेल, त्याने कबूल केलंय. ते मी म्हणत होते, हे लपवत नाही.

वडील एक पाऊल पुढे झाले. "पंचहो," ते म्हणाले, "निरगुडसरला यांचा डावा खांदा लागला नव्हता. यांनी मला पलटी मारली. चीत मी झालो, पाठ माझी लागली."

आणि तीस वर्षं दुसऱ्यांसाठी मोजून दिलेलं ते कापड त्यांनी आपल्या हाताने म्हाताऱ्याच्या डोक्याला बांधलं. बांधलं मात्र सुरेख. कापडवाल्याचा हात तो.

पंच एकमेकांकडे बघू लागले. अट तर अक्षरशः पाळली गेली होती, परगावचा पहिलवान नको असं अटीत कुठेच नव्हतं. सवयीने वरच्या आळीचा मेहुणा उठला आणि डोळे पुसत म्हणाला, "मला बी ह्यांनीच पाडलं व्हतं!" त्याचा पहिलवान त्याच्या अंगावर धावून गेला, हलगी वाजायला लागली, घाटघरकरांनी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी शेवटची कुस्ती घाटघरच्या गड्याने लावली. म्हातारा खांद्यावरून वळून वळून वडिलांना शोधत होता. वडील तोवर घराकडे चालू लागले होते.

मी मागोमाग धावले. वाटेत लोक म्हणत होते, "बघा, आमी म्हनत नव्हतो? शेठचा कान दारातच घावला आसंल." त्यांनी ते ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं, त्यांच्या चालण्यावरून मला समजलं.

आम्हाला लवकर आलेलं बघून आईने ओसरीवर ताट वाढलं. वडील पाटावर बसले, पण घास घेईनात. मी जे झालं ते भडाभडा सांगितलं आणि रडले. आई ऐकत होती. मग तिने तवा खाली उतरवला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसली. असं ती जेवणाच्या वेळी कधी बसत नसे.

"त्याची पाठ लागली होती," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

"निरगुडसर माझं माहेर ना? यात्रेला मी तिथेच होते. माडीच्या खिडकीतून सगळा फड दिसायचा. आधी उजवा खांदा लागला, मग डावा. हलगी मागाहून वाजली."

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"काय बोलू? एवढ्या लोकांसमोर लंगोट लावून उभा आहे तो माझा नवरा, असं सांगू? माझ्या मैत्रिणी शेजारी बसल्या होत्या." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आणि बोलले असते तर हे पुन्हा मातीत उतरले असते. मला यांची काळजी वाटायची."

वडील ताटाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि घाटघरहून परततानाच्या त्या गुणगुणण्याआड त्यांना काय खात होतं ते मला तेव्हा कळलं.

"डावा," त्यांनी विचारलं, "डावा खरंच लागला होता?"

"पुरता लागला होता," आई म्हणाली. "जेवा आता. दिवस बुडतोय."