वाडीवरच्या आभाळाची परवानगी

ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मागच्या सीटवर ड्रोनची पेटी पट्टा लावून बसवली होती. लग्नांचं शूटिंग सोडून मी ड्रोन चालवायला शिकले, रीतसर परवाना काढला. किनाऱ्यावरचं हे माझं पहिलंच काम.

काम नलिनीताई आणि वसंतराव या जोडप्याचं. सुपारीच्या वाडीत (बागेत) त्यांचा होमस्टे आहे, त्याच्या जाहिरातीची फिल्म करायची होती. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात वाडी आडवी झाली, आणि जुने पाहुणे अजूनही फोनवर विचारतात, "झाडं उरलीत का हो काही?"

"पुन्हा उभी केली आम्ही," नलिनीताई बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) वाढताना म्हणाल्या. "ती एकदा वरून दिसली ना, की लोक यायला लागतील." वसंतराव मान खाली घालून जेवत होते. वादळाचा विषय निघाला की ते बोलत नाहीत, हे मला नंतर कळलं.

सरकारी नकाशावर हा पट्टा हिरवा होता, म्हणजे उडवायला मोकळा. तरी सकाळी पोलीस ठाण्यात कळवायला गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा नकाशा हिरवा असेल. पण किनाऱ्यावर ड्रोनला बंदीचा आदेश कालच आलाय. उडवलात तर मला जप्त करावा लागेल."

"मग करायचं काय?"

"अलिबागला कलेक्टर कचेरीत अर्ज द्या. घरी बसून मिळायचं नाही."

नलिनीताई माझ्याबरोबर निघाल्या. दिघीला गाडी बोटीवर चढवली, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरलो. मुरूड, काशीद मागे पडलं. डावीकडे समुद्र इतका स्वच्छ निळा होता, की पेटीतलं यंत्र बंद ठेवणं जिवावर आलं. रेवदंड्याचा पूल ओलांडून चौलच्या वाड्यांत शिरलो तशी नलिनीताईंनी काच खाली केली. रस्त्यावर दोन्हीकडून सावली पडली होती. "आमच्याकडे अशीच होती," एवढंच त्या म्हणाल्या.

अलिबागच्या कार्यालयात टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "शूटिंग घरगुती की व्यावसायिक?"

नलिनीताईंनी माझा हात दाबला. "घरचंच म्हण ना गं," त्या कुजबुजल्या. "वाडी घरचीच आहे की."

"व्यावसायिक," मी म्हणाले. परवाना माझ्या नावावर होता, तो गेला तर कामच संपलं.

नलिनीताईंचा चेहरा उतरला. टेबलामागच्या बाईंनी ते पाहिलं असावं. "बसा," त्या म्हणाल्या. "खोटं सांगितलं असतंत तर आज सुटला असतात, पण फिल्म बाहेर आल्यावर अडकला असतात." वेळ लागला. जेवणाची सुट्टी झाली, मोठे साहेब बैठकीला गेले, एक कागद पुन्हा लिहावा लागला. शेवटी परवानगी मिळाली ती अटींसकट: फक्त स्वतःच्या वाडीवर, समुद्राकडे कॅमेरा नाही, शेजाऱ्यांची संमती आणि सोबत पोलीस.

वाडीशेजारच्या घरी फातिमाभाभी राहतात. घरातली पुरुषमाणसं आखातात. त्यांनी दारातच विचारलं, "आंगनात आमी बाया बसतो. त्या न्हाय ना दिसनार?"

"कॅमेरा तुमच्याकडे वळवणार नाही. हवं तर स्वतः येऊन बघा."

त्या खरंच आल्या, डोक्यावरून ओढणी सारखी करत. हवालदारही आले, भातशेतीवाल्या गावातला प्रौढ गृहस्थ. सगळे माझ्या खांद्यामागे उभे राहिले आणि ड्रोन पोफळींतून वर चढला.

रिमोटच्या पडद्यावर वाडी उघडली. मधे मधे मोठी टकलं दिसत होती. खालून उंच वाटणारी नवी झाडं वरून हिरव्या ठिपक्यांएवढी.

नलिनीताई हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटत होतं, भरली."

"खालून घेतलं तर दाट दिसेल," मी म्हणाले. "वरचं काढून टाकते."

"थांबा." वसंतराव पुढे झाले. "ते विहिरीपलीकडचं जरा जवळ घ्या. इथूनच वारा शिरतो वाटतं. इथे आधी नारळ होते." बोट पडद्यावर फिरत होतं आणि ते बोलत होते: कुठलं झाड कुठे पडलं, त्या रात्री दोघं कुठल्या खोलीत बसून होते, सकाळी दार का उघडवेना. नलिनीताई पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

मी हवालदारांकडे पाहिलं. परवानगी जाहिरातीसाठी होती, पाहणीसाठी नव्हे.

"मला शूटिंगवर लक्ष ठेवायला धाडलंय," ते म्हणाले. "बघू नका असं कुठं लिवलेलं न्हाय. व्हय की न्हाय?"

फातिमाभाभी पुटपुटल्या, "तुमचे नारळ आमच्या कौलांवर पडलेले. आठवतं ना?" वसंतराव कित्येक दिवसांनी हसले असावेत.

टकलांसकट फिल्म करायची, असं त्या दोघांनीच ठरवलं. पाहुणे येतील की नाही, मला माहीत नाही.

परतताना ताम्हिणीत चहाला थांबले. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाने पेटी ओळखली. "दरीवर उडवा की ताई. इथे कोण बघतंय?"

मी नाही म्हटलं. दरीच्या तळाशी चार घरं होती, एका अंगणात काहीतरी वाळत घातलेलं. बघणारी तर मीच होते.