फिटरकाकांची खात्री

फिटरकाकांचा कशावरच विश्वास नसे. बोटीच्या इंजिनरूममध्ये पाइपांचे जोड आवळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन मांडवीला आले तरी नवा नळ बसवला की त्याखाली कागद पसरून तासभर बसत. प्लंबर वैतागे, "काका, नाय गळत." काका म्हणत, "तू गेल्यावर गळेल." ते माझे सख्खे चुलते, लग्न न केलेले, त्यामुळे त्यांच्या उलटतपासणीला घरात मी एकटाच सापडत असे.

मग त्यांना भाकरीचा घास अडकू लागला. तपासात अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. लवकर सापडल्यामुळे बरं होण्याची आशा होती, पण ऑपरेशन जिवावरचं. अन्ननलिका काढायची, जठर वर ओढायचं आणि गळ्याशी उरलेल्या नळीला जोडायचं. काकांनी लगेच विचारलं, "जोड गळला तर?"

डॉक्टर हसले. "आजोबा, निर्धास्त राहा. आमच्याकडे असं होत नाही."

काकांनी बाहेर येऊन चपला घातल्या. "हा खोटं तरी बोलतो, नायतर ह्याने काम तरी केलेलं नाय." दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच झालं. आजार वाढत होता आणि हे डॉक्टर पारखत बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

मुंबईच्या सर्जनबाईंनी मात्र कागदावर चित्र काढून दाखवलं. "गळतो कधीकधी. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. तरी माझ्या हातून माणसं गेली आहेत." मी चरकलो. काकांनी सहीसाठी पेन मागितलं.

जोड टिकला. दवाखान्यात छातीत घातलेल्या नळीतून काय येतंय ते नर्सच्या आधी काका बघत. घरी आल्यावर दिवसातून सहा वेळा मूठमूठ भात खात, उशांना टेकून अर्धवट बसून झोपत. तसे ते दोन वर्षं छान जगले. माझ्या चहातलं दूध कालचं आहे का, हेही विचारत.

तिसऱ्या वर्षी खोकला सुरू झाला. पुन्हा स्कॅन केला. बाईंनी फोनवर मला सांगितलं की आजार फुफ्फुसांत उतरलाय, आणि विचारलं, "त्यांना मी सांगू का?" मी म्हटलं, "मी सांगतो."

काका ओटीवर वाट बघत होते. "काय म्हणाल्या बाई?"

"सगळं ठीक आहे म्हणाल्या."

आता रिपोर्ट मागतील, ओळ न् ओळ वाचायला लावतील, म्हणून मी घाबरून उभा राहिलो.

"बाई म्हणाल्या ना? मग झालं," काका म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटून पडले.