आत्याचं कोपर

आमच्या आत्याला फोनवर लोक ‘साहेब’ म्हणतात. आवाज जन्मापासून घोगरा. ती चूक दुरुस्तही करत नाही, कारण साहेबांची कामं लवकर होतात असा तिचा अनुभव आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करते. बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला फट सापडत नाही. माझ्या आईशी मात्र ती वर्षभर एक शब्द बोलली नव्हती.

कारण आजीचं शिवणयंत्र. आजी गेल्यावर आईने ते अडगळ म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं, आत्याला न विचारता. यंत्र बंद पडलेलं होतं आणि आत्याला साधं बटण लावता येत नाही, हे खरं. पण विचारायला हवं होतं, हेही खरं. आईला ते मनातून पटलं होतं, म्हणूनच ती कबूल करत नव्हती. आत्याने आमच्याकडे यायचंच सोडलं. मला तिच्याशिवाय करमत नव्हतं आणि दोघींचाही राग येत होता.

अबोला धरला तरी गाणं कुणी सोडेना. दोघी बायकांच्या एकाच गायनवृंदात. त्या वर्षी वृंदाच्या बाईंनी आजच्या कवयित्रींच्या कवितांना चाली लावल्या होत्या. वाद्य एकही नाही, नुसते गळे. शेवटची कविता आई गेलेल्या मुलीची. तिच्यात खाली एकच स्वर अखंड धरायचा होता, आणि तो वृंदात दोघींनाच लागत होता, आत्याला आणि आईला.

एका दमात ते कुणालाच जमणारं नव्हतं. एकीने स्वर धरायचा, तेवढ्यात दुसरीने श्वास चोरायचा. दोघींनी एकदम श्वास घेतला की खालचा आधार जायचा आणि वरच्या बायका उघड्या पडायच्या. तसंच रोज होत होतं, कारण आधी कोण हे ठरवायला बोलावं लागतं. दोघी बाईंकरवी निरोप धाडायच्या. बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, जमत नसेल तर ही कविता मी काढून टाकते.

मग आत्यानेच तोडगा काढला, तोही न बोलता. आपला श्वास घेऊन झाला की आईच्या बरगडीत कोपर मारायचं. म्हणजे आता तू घे. आई घरी येऊन कूस चोळायची आणि म्हणायची, वर्षभराचा राग काढतेय नुसती. पण स्वर तुटेनासा झाला.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता. मी पुढेच बसले होते. शेवटच्या कवितेत ओळ आली, ‘तू आत नाहीस, तरी मी दार हळूच लावते.’ आजीची झोप फार सावध होती. ती अंथरुणाला खिळल्यापासून आत्या रोज कामावरून आमच्याकडे यायची आणि जाताना दार असंच लावायची. आत्याचे ओठ मिटले. डोळे भरून आले.

कोपर येईना.

आता खालचा स्वर एकट्या आईच्या गळ्यात होता आणि श्वास घ्यायची पाळीही तिचीच होती. तिचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिने आत्याकडे पाहिलं नाही, नुसती सरकून तिला खेटून उभी राहिली. मीही श्वास रोखून धरला होता. बऱ्याच वेळाने कोपर आलं, अगदी अलगद. त्यावर आईने घेतलेला श्वास माझ्यापर्यंत ऐकू आला.

नंतर बाहेर चपला शोधताना आत्या खाली बघतच म्हणाली, “वहिनी, इतका वेळ कशाला धरून बसलीस? घेरी आली असती.”

“तुला न विचारता सोडलं असतं,” आई म्हणाली, “तर पुन्हा वर्षभर बोलली नसतीस.”

आत्या आमच्याबरोबर घरी यायला निघाली. वाटेत तिने यंत्राचा विषय काढला आणि घर आलं तरी सोडला नाही. आई मुकाट्याने ऐकत होती. आत्या श्वास घ्यायला थांबली तेव्हा आई म्हणाली, “चुकलं माझं.”