शेवंतामावशींची ऊब

नर्सिंगच्या मुली दीड महिना सरकारी दवाखान्यात काम शिकून आल्या, त्यांच्या वह्या तपासत बसले आहे. काय शिकलात ते लिहा आणि स्वतःला दहापैकी गुण द्या, असं शेवटचं पान असतं. बहुतेकींनी इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग लिहून नऊ घेतलेत. सायलीनं सात.

तिनं लिहिलंय, ‘थंडीत पेशंटला बेडपॅन देण्याआधी त्यावर गरम पाणी ओतावं. हे वॉर्ड झाडणाऱ्या शेवंतामावशींनी शिकवलं. तीन गुण कापले, कारण पहिला आठवडा मी त्यांना फक्त “ओ, जरा सरका” एवढंच म्हणत होते.’

माझं पेन हातातच राहिलं. मी शिकत होते तेव्हा मीही गारढोण बेडपॅन घेऊन एका आजींकडे निघाले होते. फरशी पुसणाऱ्या मावशीनं मला थांबवलं. “अगं पोरी, म्हातारी दचकंल की गारठ्यानं!” म्हणत तिनं स्वतःच्या चहाला ठेवलेलं आधण त्यावर ओतलं.

पुढे नोकरीत मी कधी ते विसरले नाही. कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी माझा हात धरून म्हटलं, “सिस्टर, फार माया आहे हो तुमच्यात.”

सायलीच्या पानाला मी मनोमन हात जोडले. तिनं शिकवणाऱ्या मावशींचं नाव लिहिलं होतं. मी मात्र सगळे आशीर्वाद घेत राहिले. ते ज्या बाईचे होते, तिचं नाव मी कधी विचारलंच नाही.